काळीज खाल्ल्याचा आरोप

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेला निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवर किल्ला आणि पायथ्याशी तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले जुने गाव. इथून वाटा फुटतात. एक वाट तापी ओलांडून शिरपूरमार्गे सातपुडा चढते आणि सेंधव्यावरून निमाड-माळव्याकडे जाते. दुसरी चिमठाणे, दोंडाईचा करत शहाद्याला आणि तिथून धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांकडे वळते. या वाटांवरून लष्करे गेली, कापसाच्या गाड्या गेल्या, दुष्काळात घरदार सोडून माणसे गेली. मला सांगायची आहे ती या वाटा जिथे पोचतात त्या मुलखातल्या बायकांची हकिकत. गावाने ज्यांना डाकीण ठरवले, अशा बायकांची.

जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख कंपनी सरकारला दिला. पुढच्याच महिन्यात सर थॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठच्या थाळनेरला येऊन ठेपली. किल्ल्याच्या दरवाजात झटापट झाली, काही इंग्रज अधिकारी पडले, आणि मग आतली शिबंदी कापून काढण्यात आली. किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर चढवले. डोंगरातल्या लोकांच्या ‘रानटी’ हिंसेबद्दल हेच राज्यकर्ते पुढे पानेच्या पाने लिहिणार होते, म्हणून थाळनेरची गोष्ट आधी सांगून ठेवली पाहिजे.

त्या वेळचा खानदेश होरपळलेला होता. होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. डोंगराच्या कडेची भिल्ल वस्ती नव्या सरकारला जुमानत नव्हती. कॅप्टन जॉन ब्रिग्जने आधी बळाचा वापर करून पाहिला. १८२५ मध्ये धोरण बदलले. भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी नेमल्या गेल्या, त्यांपैकी वायव्येकडच्या एजन्सीचे ठाणे तापीकाठी कुकरमुंड्याला होते. जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली आणि तिची छावणी धरणगावला पडली. १८३० मध्ये त्याच आउट्रमने डांगात फौज नेली. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टराकडे होता. डांगच्या रानात एखाद्या बाईला झाडाला टांगले, तर त्याचा कागद धुळ्याच्या कचेरीत येत असे.

असे कागद आले. सातपुड्याच्या पलीकडे सर जॉन माल्कमने माळव्याचा कारभार पाहिला आणि १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. त्यात डाकिणींवरच्या विश्वासाबद्दल आणि त्यापायी होणाऱ्या हत्यांबद्दल त्याने लिहिले. हा विश्वास केवळ भिल्लांपुरता नव्हता, राजेरजवाडेही त्यात होते. त्याच्या सुमारे सव्वादोनशे वर्षे आधी अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त सिंधमधल्या काळीज खाणाऱ्यांची नोंद केली आहे. संशयिताला पाण्यात सोडून बुडते की तरंगते ते पाहण्याची तिथली परीक्षा युरोपातल्या परीक्षेशी थेट जुळते. आपल्याकडे पेशव्यांच्या राज्यात करणी-भुताटकी करणाऱ्यांना शोधून शिक्षा करणे हे सरकारचे काम समजले जाई. पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. तेव्हा डाकीण हा आदिवासींचा आजार आणि बाकीचा महाराष्ट्र निरोगी, असे मानणाऱ्यांनी आपले दप्तर आधी उघडून पाहावे.

तरीही भिल्ल मुलखात या आरोपाला एक ठरलेला घाट होता. तो समजून घेतल्याशिवाय त्यातली क्रूरता कळत नाही.

घरात कोणी आजारी पडते. बहुतेकदा मूल. मूल वाळत जाते, अंग पिवळे पडते, रात्रभर रडते. झाडपाला होतो, नवस होतो. मग दाणे घेऊन माणूस भगताकडे, म्हणजे बडव्याकडे जातो. आजाऱ्यावरून उतरवलेले दाणे बडवा पाहतो, मोजतो, पुन्हा पाहतो. अनेकदा तो नाव घेत नाही. दिशा सांगतो, घराचे दार कुठल्या अंगाला आहे ते सांगतो, बाई कशी दिसते ते सांगतो. उरलेले काम पाडा करतो. विहिरीवर कोणाचे कोणाशी भांडण झाले होते, मुलाकडे कोण टक लावून पाहत होते, कोणी कोंबडी मागितली आणि नकार मिळाला, हे सगळे आठवले जाते आणि संध्याकाळपर्यंत नाव पक्के होते. डाकिणीला मंत्राची गरज नसते, अशी समजूत आहे. तिची नजर पुरते. ती माणसाचे काळीज आतून खाते आणि बाहेरून कोणाला कळत नाही. काही ठिकाणी तर असेही मानतात की आपण डाकीण आहोत हे त्या बाईला स्वतःलाही ठाऊक नसते. अशा आरोपाला उत्तर कसे द्यायचे? नाही म्हटले तर डाकीण खोटे बोलणारच. गप्प बसली तर कबूल झाले.

जे तिने घेतले ते तीच परत देऊ शकते, ही समजूत पुढच्या छळाच्या मुळाशी आहे. तिला मारायचे ते कबुलीसाठी आणि मुलाला बरे करून घेण्यासाठी. पश्चिम भारतातल्या भिल्ल प्रदेशांच्या जुन्या कागदांत याचे वर्णन आहे. बाईला पायाने झाडाला उलटे टांगत, झोके देत, डोळ्यांत मिरची भरत. कबूल होईपर्यंत हे चाले, आणि अनेकींच्या बाबतीत ती मरेपर्यंत चाले. वाचली तर गावाबाहेर हाकलली जाई, नाहीतर पंच दंड ठरवत, बोकड आणि दारू घेत. दंड भरूनही नाव चिकटलेलेच राहत असे. पुढच्या मृत्यूला तीच पहिली.

नाव नेमके कोणाचे निघत असे? म्हातारी, एकटी, विधवा हे तर खरेच. त्याखेरीज मूलबाळ नसलेली, दुसरेपणाची, पंचांसमोर तोंड उघडणारी, औषधी मुळ्या जाणणारी. पण सगळ्यांत जास्त सांगणारी गोष्ट ही की आरोप करणारे सहसा जवळचे असतात. दीर, पुतण्या, सावत्र मुलगा, शेजारचे घर. गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी झारखंडमधल्या आदिवासी समाजाचा अभ्यास करून दाखवले की नवऱ्याच्या जमिनीवर हयातभर हक्क असलेली विधवा डायन ठरण्याचा धोका मोठा असतो. ती गेली की जमीन नवऱ्याच्या भावबंदांकडे जाते. सातपुड्यातही अशी प्रकरणे आहेत. पण मला हे कारण सगळीकडे लावावेसे वाटत नाही. जिच्याकडे गुंठाभर जमीन नाही, अशा बाईलाही डाकीण ठरवले जाते. तिथे लोभ नसतो, भीती असते आणि दुःख असते.

त्या दुःखाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल आणि पावरा वस्तीत सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण मोठे आहे. या आजारात आई धडधाकट असते, बाप धडधाकट असतो. दोघेही वाहक असले तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. तान्ह्याचे हातपाय अचानक सुजतात, मूल वेदनेने किंचाळते, काही दिवसांनी बरे होते, पुन्हा तेच. रक्त कमी होत जाते, साध्या तापाने मूल दगावते. एका घरात तीन मुले दणकट आणि चौथे असे का झाले, याचे उत्तर विज्ञानाला विसाव्या शतकात मिळाले. ते उत्तर डोंगरावरच्या पाड्यात पोचायला आणखी कितीतरी वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकात पश्चिम खानदेश हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. देवी, पटकी, मग प्लेग, मग १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ, मग १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. ज्या आईबापांसमोर डॉक्टर नव्हता, औषध नव्हते, त्यांच्यासमोर बडवा होता आणि त्याच्याकडे उत्तर होते. ते उत्तर खोटे होते आणि त्याची किंमत शेजारची बाई मोजत होती. पण विचारणाऱ्याचा हंबरडा खरा होता. डाकीण प्रथेविरुद्ध बोलायला डोंगरात जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर त्याचे कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

इंग्रजांनी बंदी घातली. मेवाडमधला प्रसंग प्रसिद्ध आहे. १८५२ मध्ये तिथल्या भिल्ल पलटणीतल्याच एका शिपायाने एका बाईला डाकीण म्हणून मारले. पलटणीचा अधिकारी जे. सी. ब्रुक याने वर कळवले आणि १८५३ मध्ये उदयपूरच्या महाराणा स्वरूपसिंहांच्या दरबाराने बंदीचा हुकूम काढला. खानदेश आणि डांगात डाकीण मारणाऱ्यांवर खटले झाले, शिक्षा झाल्या. इतिहासकार अजय स्करिया यांनी पश्चिम भारतातल्या या प्रकरणांवर लिहिताना एक गोष्ट नेमकी पकडली आहे. इंग्रज अधिकाऱ्याला त्या बाईपेक्षा ‘रानटी’ माणसाचे चित्र जास्त उपयोगी पडत होते. आमच्याशिवाय यांच्या बायका सुरक्षित नाहीत, हा राज्य करण्याचा दाखला झाला. जंगल सरकारने घेतले, झाडे तोडायचा हक्क गेला, मोहाच्या दारूवर बंधने आली, आणि त्याच हुकुमांच्या रांगेत डाकिणीचा हुकूमही आला. डोंगरातल्या माणसाला त्यातून काय दिसले असेल? सरकार आपले रान घेते आणि डाकिणीला वाचवते.

ही समजूत किती खोल जाते हे छोटानागपुरात दिसले. १८५७ च्या उठावात सिंहभूम भागात कंपनीची सत्ता ढिली पडताच डायनींच्या हत्या वाढल्या. परक्या राज्याविरुद्धच्या त्या लढ्याला आपण मान देतो. त्याच दिवसांत त्याच माणसांच्या हातून त्यांच्याच बायका मेल्या, हेही लिहून ठेवले पाहिजे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

इकडे हे चालू असताना युरोपातली चेटकीण कायद्याच्या कचाट्यातून सुटली होती. पंधराव्या ते अठराव्या शतकात तिथे चाळीस ते साठ हजार माणसांना चेटूक केल्याबद्दल मारले गेले असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यातल्या चारांपैकी तीन किंवा त्याहून जास्त बायका होत्या. १४८६-८७ च्या सुमाराला छापलेल्या ‘मॅलेउस मॅलेफिकारम’ या ग्रंथाने बाईच चेटकाला कशी लवकर वश होते ते धर्माच्या भाषेत सांगितले. १६९२ मध्ये अमेरिकेत सेलम गावी एकोणीस जणांना फाशी दिले. १७८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लारुसमध्ये अ‍ॅना गोल्डी या मोलकरणीचे डोके उडवले, मालकाच्या मुलीवर चेटूक केल्याच्या संशयावरून. तिला २००८ मध्ये निर्दोष ठरवले गेले.

छळ संपला आणि मग तिथल्या बायकांनी चेटकिणीचे नाव स्वतःहून घेतले. १८९३ मध्ये अमेरिकेत माटिल्डा जॉस्लिन गेज यांनी लिहिले की जिला चेटकीण म्हणून जाळले ती तिच्या काळातली जाणती बाई होती. ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये काही तरुणी चेटकिणीच्या काळ्या टोप्या घालून वॉल स्ट्रीटवर चालून गेल्या. सत्तरच्या दशकात इटलीच्या रस्त्यांवर बायका घोषणा देत होत्या की आता थरथरा, चेटकिणी परत आल्या आहेत. १९७३ मध्ये बार्बरा एरेनराइख आणि डिअर्ड्री इंग्लिश यांच्या छोट्या पुस्तिकेने चेटकीण ही सुईण आणि वैदू होती, असा विचार घरोघरी नेला. २००४ मध्ये सिल्विया फेडेरिची यांनी चेटकिणींच्या छळाचा संबंध भांडवलशाहीच्या जन्माशी, गावाच्या सामाईक जमिनी बळकावण्याशी जोडला. यात अतिशयोक्तीही झाली. नव्वद लाख बायका जाळल्या हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाच्या ढोबळ हिशोबातून आला होता. गेज यांनी तो उचलला आणि पुढे शंभर वर्षे तो फिरत राहिला.

या चळवळीने मोठे काम केले, हे मी मनापासून मानते. शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून डोक्यावर घेण्यात धैर्य आहे. पण हे प्रतीक सातपुड्यात जसेच्या तसे आणता येणार नाही. न्यूयॉर्कच्या त्या तरुणी टोपी काढून घरी जाऊ शकत होत्या. डाकीण ठरलेल्या बाईला आपल्यात काही शक्ती आहे असे म्हणवून घ्यायचे नसते. माझ्यात काहीच नाही, मी तुमच्यासारखीच आहे, माझे शेत मला करू द्या, एवढेच ती सांगत असते. जो समाज याहामोगीला धान्यदेवी म्हणून भजतो, महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या डोंगरावर तिच्या दर्शनाला लोटतो, तिथे बाईच्या शक्तीचा अभाव नाही. विधवेने पुन्हा लग्न करण्याला तिथे मोकळीक आहे, मुलीच्या बापाला देज मिळते. खाली सपाटीवरच्या उच्चवर्णीय घरांनी विधवांचे जे केले ते भिल्लांनी केले नाही. तरीही हा आरोप तिथे तगला. कारण तो बाईला एकटी पाडतो. नाव निघाले की शेजारीण बोलत नाही, सून पाणी देत नाही, पोटची मुलगी सासरहून येत नाही. मार नंतर येतो, एकटेपण आधी.

म्हणून खानदेशात याला खरे उत्तर जिथून आले, ते डाकिणीच्या नावाने आले नाही. ते शहाद्यातून आले. अंबरसिंग सुरतवंती यांनी भिल्लांना संघटित केले, जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि त्या लढ्यात उतरलेल्या आदिवासी बायकांनी दारूचा प्रश्न स्वतः पुढे आणला. गुत्त्यांवर चालून जाऊन मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला. त्या मोर्चांचा विषय डाकीण नव्हता. पण रात्री दुसऱ्या पाड्यावरच्या बाईसाठी घराबाहेर पडायची सवय तिथे लागली. नाव निघालेल्या बाईच्या दारात दहा जणी येऊन बसल्या तर गावाला तिला ओढून नेता येत नाही. ज्या दिवशी असे घडते त्या दिवशी बडव्याची सत्ता तुटते. माझ्या मते शहाद्याच्या या बायका हेच आपल्याकडचे प्रतीक आहे, आणि त्याला टोपी-झाडूची गरज नाही.

पुढे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी सातपुड्यात या प्रथेविरुद्ध काम केले. समितीची स्थापना १९८९ ची. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. अनुसूचीतल्या बारा कलमांत डाकिणीचे वर्णन जवळजवळ पाड्यावरच्या भाषेत उतरले आहे. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने दुभत्या जनावराचे दूध आटवते, अपशकुनी आहे, रोगराईला कारण आहे असे म्हणून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा. जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करणे, नग्न धिंड काढणे, रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणे हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. झारखंड, छत्तीसगड, राजस्थान, आसाम यांनीही आपापले कायदे केले. एकोणिसाव्या शतकातल्या हुकुमात आणि महाराष्ट्राच्या या कायद्यात मोठा फरक आहे. खून होण्याची वाट न पाहता, नाव ठेवले त्याच दिवशी पोलिसांना हात घालता येतो. बडव्यालाही यातून सुटका नाही.

दुसरा कायदा याच्याशी जोडून फारसा वाचला जात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त हक्क द्यायचा असे सांगितले आणि एकट्या कुटुंबप्रमुखाच्या नावे, म्हणजे विधवेच्याही नावे, हक्क देण्याची वाट मोकळी केली. ज्या बाईच्या नावावर कागद आहे, तिला गावातून हाकलून शेत हडप करणे अवघड होते. अर्थात त्या कागदामुळेच तिच्यावर डोळा ठेवणाराही निघू शकतो. म्हणून हक्काचा दाखला आणि पोलीस ठाणे यांचा एकमेकांशी संबंध असायला हवा, आणि तो आज नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात जादूटोण्याच्या कारणावरून देशात ८५ खून नोंदले गेले. हा फक्त खुनांचा आकडा. हाकललेल्या, दंड भरलेल्या, उसाच्या तोडीला गुजरातेत गेल्यावर परत न आलेल्या बायका त्यात येत नाहीत.

८ मार्च २०२२ रोजी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी चेटकीण म्हणून छळलेल्यांची सरकारतर्फे माफी मागितली. तिथे हे शक्य झाले, कारण त्या बायकांवर न्यायालयात खटले चालले होते आणि कागद उरले होते. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांतून ३,८३७ आरोपींची यादी केली आहे, गाव आणि सालासकट. सातपुड्यातला न्याय झाडाखाली झाला आणि झाडाखालीच संपला. मागचे भरून काढता येणार नाही. पण २०१३ पासूनचे येईल. धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांत तेव्हापासून दाखल झालेली प्रत्येक तक्रार एका जागी यावी, ती बाई आज कुठे राहते, तिच्या घराचे आणि शेताचे काय झाले, खटला कुठवर आला, एवढे तरी जिल्हाधिकारी कार्यालयाने दरवर्षी तपासावे. तिचे नाव जाहीर करू नये, पण तिचे शेत कोण कसते आहे ते तलाठ्याने लिहून द्यावे.